दोनशे ऐंशी घोडे

१

खुनी नदीला त्या दिवशी गुडघाभरच पाणी होतं. म्हशी धुवायला उतरलेल्या मोतीबाईला आधी वाटलं, वरच्या अंगाने एखादं पांढरं वासरू वाहत आलंय. जवळ गेल्यावर तिला चार चाकं दिसली, आभाळाकडे वळलेली. गाडी उलटी पडली होती, आणि आत कोणी नसल्यासारखी शांतता असूनही काचेवरचं वायपर एका लयीत हलत होतं. म्हशी तिथंच टाकून ती पुलावर धावत गेली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

गाडीत रजत गावंडे होता. पांढरकवड्याच्या अलीकडे ज्यांची कापसाची जिनिंग आहे त्या घनश्यामभाऊ गावंड्यांचा एकुलता एक मुलगा. नोकरीला हैदराबादला असे. त्याच दिवशी सकाळच्या बसने तो घरी आला, चहा घेतला, शेडमधून आपली जपानी गाडी काढली आणि अर्ध्या तासात पुलाचा कठडा तोडून खाली गेला.

गाडी तपासायला परिवहन खात्याच्या निरीक्षक सुरभी डहाके यवतमाळहून आल्या. मूळच्या नेरच्या, शिक्षणाने इंजिनियर. मोडलेल्या गाड्या पाहण्यातच त्यांची नोकरी जात होती आणि त्या नोकरीने त्यांना एक भीती चिकटवली होती. दुसऱ्याच्या शेजारी गाडीत बसलं की त्यांच्या तळहातांना घाम सुटे. समोरचं प्रत्येक वळण त्यांना आधीच मोडलेलं दिसे. सरकारी जीपच्या म्हाताऱ्या, सावकाश ड्रायव्हरखेरीज त्या कोणाबरोबर बसत नसत. हे खात्यात कोणालाच ठाऊक नव्हतं.

काठावर गर्दी होती. घनश्यामभाऊ एका दगडावर बसले होते आणि त्यांचा पुतण्या ऋतिक त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. बाप लहानपणीच वारल्यामुळे ऋतिक याच घरात, रजतच्या ताटात जेवून मोठा झाला होता. सुरभी पाण्यात उतरल्या. ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक. पुलाआधीच्या वळणावर त्यांनी टायरचे डाग पाहिले, आणि तिथं त्या जरा थबकल्या. ब्रेक दाबल्याचे डाग सरळ असतात. हे कमानीसारखे होते आणि फक्त मागच्या चाकांचे होते. मागची चाकं जागच्या जागी भिरभिरली होती, आणि गाडीचं ढुंगण पुढे आलं होतं.

गाडी सरळ करून घेतल्यावर वाकडा झालेला बॉनेट दोन शिपायांनी मिळून उचलला. इंजिनाच्या बाजूला टर्बोकडे, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याकडे, जाणारी रबराची एक बारीक नळी होती. तिच्या तोंडाशी क्लिप असायला हवी, तर तिथं तारेचे दोन वेढे पिळून बसवले होते. सुरभींनी मोबाइलवर फोटो काढला, तार सैल केली आणि नळी बोटांनी दाबत गेल्या. नळी शेवटपर्यंत मऊ लागली.

ती मऊ लागायला नको होती. आत तुरीच्या दाण्याएवढा पितळेचा एक तुकडा असतो. तो कोणीतरी काढून घेतला होता. सुरभींनी तार पुन्हा जशीच्या तशी पिळून ठेवली आणि मान वर केली. काठावरचे सगळे चेहरे त्यांच्याच हाताकडे पाहत होते.

२

त्या पितळी तुकड्याचं महत्त्व सुरभींनी ठाणेदार शंकरसिंग चव्हाणांना त्याच संध्याकाळी समजावून सांगितलं.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जपानात रस्त्यावरचे मृत्यू फार वाढले. सरकार डोळे वटारण्याआधीच तिथल्या गाडी बनवणाऱ्यांनी आपसात ठरवून टाकलं की दोनशे ऐंशी अश्वशक्तीच्या वरचा आकडा कोणी छापायचा नाही. पुढची पंधराएक वर्षं कोणतीही जोरदार जपानी गाडी घ्या, पुस्तकात दोनशे ऐंशीच. पण छापण्यावर बंदी होती, बनवण्यावर नव्हती. इंजिनं त्याहून कितीतरी दांडगी निघत गेली. मग काही गाड्यांत एखादा अडसर बसवून ती ताकद आवरून धरायची. रजतच्या तीस वर्षं जुन्या गाडीत तो अडसर म्हणजे हा पितळी तुकडा. तो काढला की टर्बोचा दाब वाढतो आणि पुस्तकातली गाडी नाहीशी होऊन खरी गाडी बाहेर येते.

"म्हणजे गाडी बिघडवली नाही, तर सुधारली," ठाणेदार म्हणाले.

"तिला मोकळी सोडली. आणि चालवणाऱ्याला ते सांगितलं नाही."

ठाणेदार म्हणाले की असं करायची अक्कल या भागात एकाच माणसाला आहे, आणि त्याला त्यांनी तासाभरापूर्वीच बोलावून बसवलं आहे.

तो इंद्रजीत राठोड. पुलापलीकडे रामलाल नाईकाचा तांडा आहे, तिथला. शारजाच्या यार्डात जपानी गाड्यांवर काम करून आलेला आणि आता घाटंजी रस्त्यावर गॅरेज चालवणारा. रजतची गाडी त्याच्याखेरीज कोणाच्या हाताखाली जात नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरभी त्याच्यासमोर बसल्या, तेव्हा रात्रभर न झोपलेल्या त्या माणसाने काही लपवलं नाही. पोळ्याला गाडी त्याच्याकडे आली होती, तेव्हा तुकडा जागेवर होता. त्याने नळी उघडून पाहिलं होतं आणि क्लिप लावून बंद केली होती. तो कधी काढलाच नव्हता का, असं विचारल्यावर त्याने सांगितलं की दोन वर्षांपूर्वी एकदाच, नागपूरला, चाकं रुळांवर फिरवून ताकद मोजायच्या मशीनवर. तुकडा असताना आकडा दोनशे ऐंशीच्या जवळ आला, काढल्यावर तीनशे तीस. रजत आणि ऋतिक दोघेही तिथं उभे राहून पाहत होते. रजतने तुकडा तिथंच परत बसवायला लावला. मोकळी गाडी रस्त्यावर कधी उतरलीच नाही.

"तुकडा असताना ती कशी चालायची?" सुरभींनी विचारलं.

"दुसऱ्या गिअरात मागून जराशी सरकायची, मॅडम. तिसऱ्यात कधीच नाई. तिसऱ्यात कितीबी दाबा, बैल दावणीले बांधल्यावानी राहे. रजतभाऊचा पाय तसाच बसला होता. पुलाच्या वळनावर तो तिसऱ्यात पूर्न दाबायचा. मले ठाव हाये, साऱ्या तांड्याले ठाव हाये. तो आवाज आला का पोट्टे रस्त्यावर पयत."

सुरभींनी मनात हिशेब जुळवला. म्हणजे मारणाऱ्याने गाडीत काही तोडलं नव्हतं. त्याने रजतची सवयच त्याच्यावर उलटवली होती. जिनिंगपासून वळणापर्यंतच्या रस्त्यावर घरं, गुरं आणि गतिरोधक. त्या वळणाआधी पाय दाबायला जागाच नाही. पहिल्यांदा दाबला तो तिथं.

बाहेर आल्यावर ठाणेदारांनी उरलेली गोष्ट सांगितली. गेल्या दिवाळीच्या सुमारास, आठवडी बाजाराच्या दिवशी, तांड्यासमोर एका गाडीने सुखीबाई नावाच्या बाईला उडवलं आणि थांबली नाही. गाडी सापडली नाही. जिनिंगची पिकअप होती अशी तांड्यात कुजबूज आहे. सुखीबाई ही इंद्रजीतची मावशी. आणि तिच्या तेराव्याला सगळ्यांसमोर इंद्रजीत बोलला होता की ज्याने मारलं त्याला मी सोडणार नाही.

"संध्याकाळपर्यंत मला अटकेचं ठरवावं लागेल, मॅडम," ठाणेदार म्हणाले.

३

जिनिंगमध्ये मशीन बंद होती. कापसाचा हंगाम सुरू व्हायचा होता, तरी मागच्या वर्षीची रुई कोपऱ्याकोपऱ्यात चिकटून होती. घर आवारातच होतं. ओसरीवर बायका बसल्या होत्या आणि कोणी मोठ्याने रडत नव्हतं.

घनश्यामभाऊ बोलायला तयार नव्हते. अपघाताच्या आदल्या रात्री बापलेकांचं फोनवर जोरात भांडण झालं होतं, हे सुरभींना घरच्या गड्याकडून कळलं होतं. कशावरून, असं विचारल्यावर म्हातारा भिंतीकडे पाहत राहिला. घरचं बोलणं होतं, एवढंच म्हणाला. मग बराच वेळाने पुटपुटला की पोरगा ऐकला असता तर आज असता.

रजतची बायको खुशी हिला त्या गाडीचा मनापासून तिटकारा होता. ती विका म्हणून तिने कितीदा सांगितलं होतं, हे तिने स्वतःहून सांगितलं. पण दुसरीही एक गोष्ट सांगितली. दिवाळीपासून रजतला झोप नव्हती. सुटीला आला की अंगणात फेऱ्या मारायचा. काल चहा पिताना मात्र तो मोकळा वाटला. आज तांड्यावर जाऊन येतो, म्हणाला. तिला वाटलं, गाडीचं काही काम असेल इंद्रजीतकडे.

विमलताई, रजतची आई, बोलता बोलता मध्येच थांबून कान देत होत्या. सुरभींनी कारण विचारलं. रजत यायच्या दोन दिवस आधीची दुपार होती. त्या डोळा लागून पडल्या होत्या आणि त्यांना त्या गाडीचा आवाज आला. पोरगा न कळवता आला असं समजून त्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेल्या. आवारात कोणी नव्हतं. शेड बंद होती.

"मी हात लावून पायलं पत्र्याले," त्या म्हणाल्या. "आतून गरम वाफ येऊन राह्यली होती. मले वाटलं, मले भास झाला. पोरगा येनार म्हनून कान वाजून राह्यले."

सुरभींनी तो वार आणि वेळ टिपून घेतली. कोणीतरी तुकडा काढून गाडी चालवून पाहिली होती. भर दुपारी, या माउलीच्या उशापाशी.

ऋतिक शेवटी बोलला. उंच, नीटस पोरगा. डोळे रडून सुजलेले. जिनिंगचं सगळं काम तोच बघे. त्याने सांगितलं की दिवाळीपासून रजतने त्याला त्या गाडीला हात लावू दिला नव्हता. का, ते कधी बोलला नाही. किल्ली कपाटात ठेवून गेला होता आणि त्याने ती कधी काढली नाही. पुस्तकात दोनशे ऐंशी घोडे लिहिले आहेत, पण घोडे ते घोडेच, असं म्हणून तो जरा हसल्यासारखा झाला आणि लगेच त्याचा चेहरा पडला.

"मी त्याले लाख खेपा सांगतलं होतं, मॅडम. दादा, त्या वळनावर दाबू नको. तिसऱ्यातबी ती मागून सटकते. त्यानं कधी आयकलं नाई."

सुरभींनी मान हलवली. चारजणांचं ऐकून त्यांचं डोकं गरगरत होतं आणि ते वाक्य बाकीच्या बोलण्याबरोबर वाहून गेलं. त्यांच्या डोळ्यांपुढे घनश्यामभाऊंचा भिंतीकडे वळलेला चेहरा होता. बापाला मुलाने काय सांगितलं असेल, की ज्याने बाप इतका घाबरला?

४

मोडलेली गाडी पोलिसांनी क्रेनने आणून जिनिंगच्याच शेडमध्ये ठेवली होती. तीच जागा जवळ होती. दाराला फक्त बाहेरून कडी होती, पण आवाराचं फाटक रात्री आतून बंद होतं आणि फाटकावर ठाण्याचा शिपाई बसला होता. सुरभींना नळी पुन्हा पाहायची होती. शेडच्या वाटेवर त्यांना मागच्या हंगामातल्या रुईच्या बांधलेल्या गठाणी दिसल्या आणि त्यांचे पाय थांबले. प्रत्येक गठाणीला तार होती. तशीच, नळीला पिळलेली होती तशी. इंद्रजीतच्या गॅरेजात क्लिपांची काय कमी? तार वापरणारा माणूस जिनिंगमधला होता.

शेडमध्ये अंधूक उजेड होता. खाली, वर, पत्र्याच्या सांदीत सगळीकडे रुईचे पुंजके. त्यांनी मोबाइलचा दिवा लावून बॉनेटखाली वाकून पाहिलं.

तार नव्हती. नळीच्या तोंडाशी नवीकोरी क्लिप चमकत होती.

काल काठावरून कोणीतरी त्यांना फोटो काढताना पाहिलं होतं आणि रात्रीतून इथं येऊन पुरावा झाकला होता. इंद्रजीत तर कालपासून ठाण्यात बसलेला होता. सुरभींना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच दुसरा विचार आला. मग तो इथंच आहे, या आवारात.

त्याच वेळी मागे दार लोटलं गेलं आणि बाहेरून कडी सरकली.

त्या ओरडल्या नाहीत. पत्र्यापलीकडे कोणीतरी उभं होतं. श्वास ऐकू येत होता, जड, नाकातून. मग एक बारीक आवाज आला. काडेपेटी खुळखुळल्याचा.

सुरभींच्या पायांखाली रुई होती, डोक्यावर रुई होती, आणि नाकात मोडलेल्या गाडीतून झिरपलेल्या पेट्रोलचा वास. एक काडी पुरे होती. त्यांनी फोन पाहिला, पत्र्याच्या शेडमध्ये रेंज नव्हती; मग त्या पायाने दाराजवळची रुई मागे लोटू लागल्या.

घराकडून विमलताईंची हाक आली, चहा झाला म्हणून. कोणा एकाला नव्हती, सगळ्यांनाच होती. बाहेरचा श्वास थांबला. कडी हळूच मागे सरकली आणि पावलं दूर गेली.

दहा वेळा देवाचं नाव घेऊन सुरभींनी दार ढकललं. मोकळ्या अंगणात घनश्यामभाऊ एकटे उभे होते, त्यांच्याकडेच पाहत. आणि मग ते त्यांच्या दिशेने चालू लागले.

५

सुरभी फाटकाकडे जवळजवळ धावल्या. जीप ठाणेदारांनी घाटंजीकडे नेली होती आणि फाटकावरचा रात्रीचा शिपाई सकाळीच गेला होता. त्यांनी फोन लावला, ठाणेदारांना एवढंच सांगता आलं की इंद्रजीत नाही, आवारातलाच कोणी आहे, आणि आवाज तुटला. आभाळ भरून आलं होतं. मागून म्हाताऱ्याने काहीतरी म्हणत हाक मारली. तेवढ्यात आतल्या बाजूने एक गाडी येऊन त्यांच्याजवळ थांबली. ऋतिक होता. त्याने वाकून दार उघडलं आणि विचारलं की मॅडम, ठाण्यावर सोडून देऊ का.

एरवी त्या बसल्या नसत्या. पण मागच्या भीतीपुढे ती रोजची भीती लहान झाली. त्या बसल्या, पट्टा लावला आणि मागे वळून पाहिलं. घनश्यामभाऊ फाटकाशी उभे राहून हात हलवत होते. नको, नको, असं म्हटल्यासारखे.

घरं गेली, गतिरोधक गेले. ऋतिक सुरेख गाडी चालवत होता. त्याचा हात सैल होता, नजर लांबवर. शर्टाच्या खिशात काहीतरी होतं आणि खड्ड्यागणिक ते वाजत होतं. काड्यांसारखं. सुरभींनी स्वतःला समजावलं की काडेपेटी कोणाच्याही खिशात असते.

पुढे एक चढ आला, त्यानंतर वळण, आणि त्यानंतर पूल. ऋतिकने गिअर बदलला. तिसरा.

आणि ते वाक्य सुरभींच्या कानात नव्याने वाजलं. तिसऱ्यातबी ती मागून सटकते.

ती सटकत नव्हती. पुस्तकातली गाडी तिसऱ्यात कधीच सटकली नाही, असं तिला स्वतःच्या हाताने जोडणारा माणूस सांगत होता. सटकली ती खरी गाडी, तुकडा काढल्यानंतरची. आणि ती पोळ्यानंतर फक्त दोनदा धावली होती. एकदा रजत मेला तेव्हा, आणि त्याआधी एकदा, दुपारी, विमलताई झोपलेल्या असताना. तिसऱ्या गिअरातली ती सटक ज्याने अंगावर घेतली आणि जो जिवंत आहे, असा एकच माणूस असू शकत होता. तो त्यांच्या उजव्या हाताला बसला होता.

त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. पण शरीर बोलतंच. त्यांचा हात दाराच्या खिट्टीकडे गेला होता आणि ऋतिकने ते पाहिलं. खटकन चारही दारं बंद झाली.

"तुमी त्या शेडीत काहून गेलत्या, मॅडम," तो शांतपणे म्हणाला. त्यात प्रश्न नव्हता.

पूल मागे पडला. मोडक्या कठड्याला बांधलेली पोलिसांची पट्टी फडफडून गेली. गाडीचा वेग वाढत होता. ठाण्याचा फाटा आला आणि ऋतिकने तो सोडला. आता समोर तांड्याचा सरळ रस्ता होता आणि त्यापुढे रान. सुरभींना पुढचं प्रत्येक झाड, प्रत्येक मैलाचा दगड आपल्यावर चालून येताना दिसत होता. त्यांनी डोळे मिटले नाहीत. मिटले तर आपण संपलो, असं त्यांना वाटत होतं. म्हणून त्यांनी सवयीने पाहण्याजोगी एकच गोष्ट पाहिली, त्याचा पाय.

तांड्याच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेला, शेंदूर फासलेला एक दगड होता. त्यावर झेंडूची वाळकी फुलं. तो दगड दिसला आणि ऋतिकचा पाय उचलला गेला. त्याने उचलला नाही, आपोआप उचलला गेला. गाडीचा वेग मोडला. त्याने पुन्हा दाबला, पुन्हा पाय मागे आला. जणू तिथं कोणी आडवं होतं.

"सुखीबाई इथंच होती ना?" सुरभींनी विचारलं. आपला आवाज इतका हळू, इतका सरळ कसा आला, ते त्यांना नंतरही उमगलं नाही.

गाडी दगडाच्या पुढ्यात येऊन गचका देत बंद पडली.

६

ऋतिकने स्टिअरिंग सोडलं नाही. त्याची बोटं पांढरी पडली होती. दगडाकडे पाहत तो बोलू लागला, तसं काही थांबेना. दिवाळीच्या बाजारातून पिकअप घेऊन येत होता. रजत शेजारी होता. बाई डोक्यावर पाटी घेऊन रस्ता ओलांडत होती. रजत म्हणाला थांब, आणि हा थांबला नाही. घरी आल्यावर काकांनी पिकअप आदिलाबादला पाठवून दुरुस्त करून आणली आणि तिघांनी तोंडाला कुलूप लावलं. पण रजतला ते कुलूप पेलवलं नाही. आदल्या आठवड्यात त्याने ऋतिकला फोन केला होता. मी येतोय, तांड्यावर जाऊन सगळं सांगणार आहे, तूही माझ्यासोबत चल.

"मी म्हटलं, ये," ऋतिक म्हणाला. "मले वाटलं, हातपाय मोडतीन त्याचे. महिनाभर पडून राहीन, तवर समजावू. मरंन असं नोतं वाटलं."

सुरभींनी त्याच्याकडे पाहिलं. ज्याने स्वतः ती गाडी मोकळी करून पळवली होती, ज्याला ती कशी सटकते ते अंगात भिनलं होतं, आणि पुलाचा कठडा किती कच्चा आहे ते जो रोज पाहत होता, तो हे म्हणत होता. कदाचित स्वतःला पटवलंही असेल त्याने. काडेपेटी अजून त्याच्या खिशात होती.

तांड्यातल्या बायका रस्त्यावर आल्या होत्या. त्यांच्या पुढे इंद्रजीतची आई धनीबाई होती, सुखीबाईची सख्खी बहीण. लेक ठाण्यात असल्याने ती कालपासून रस्त्याकडेच डोळे लावून बसली होती. ती काचेजवळ येऊन आत वाकली. ऋतिकने तिच्याकडे पाहिलं आणि दारांचं कुलूप उघडलं.

ठाणेदार आले तेव्हा तो गाडीतच बसलेला होता. घनश्यामभाऊंनीच त्यांना फोन करून ऋतिक कोणत्या रस्त्याने गेला ते सांगितलं होतं. पितळेचा तुकडा जिनिंगच्या ऑफिसात सापडला, ऋतिकच्या खणात. तो त्याने का फेकून दिला नाही, ते त्यालाही सांगता आलं नाही. घनश्यामभाऊ दुसऱ्या दिवशी स्वतः ठाण्यात गेले आणि पिकअपची हकिकत लिहून देऊन आले. आदल्या रात्री शेडजवळ त्यांनी ऋतिकला पाहिलं होतं. मुलगा तर गेलाच होता, म्हणाले, आता भावाची एकच खूण उरली होती घरात, म्हणून सकाळी तोंड उघडलं नाही. पण मॅडम त्याच्या गाडीत बसताना पाहिल्या आणि राहवलं नाही.

इंद्रजीतला सोडलं तेव्हा सुरभी तिथं होत्या. त्याने स्वतःबद्दल काही विचारलं नाही. रजतभाऊ त्या दिवशी एवढ्या घाईत कुठं निघाले होते, एवढंच विचारलं. सुरभींनी सांगितलं, तेव्हा तो ठाण्याच्या पायरीवर खाली बसला.

रजतच्या तेराव्याला सुरभी पुन्हा जिनिंगवर गेल्या. विमलताईंनी त्यांना निरोप धाडला होता. ओसरीवर माणसं तुरळक होती. गावात ज्यांनी त्यांनी आपापलं अंतर ठरवून घेतलं होतं. विमलताई खांबाला टेकून बसल्या होत्या. एक पोरगा नदीत गेला, दुसरा तुरुंगात, आणि नवरा चौकशीच्या फेऱ्यात. त्यांच्या शेजारी बसायला कोणाला धीर होत नव्हता.

फाटकातून धनीबाई आत आली. सोबत कोणी नव्हतं. आरशांची फेटिया, म्हणजे बंजारा घागरा, नेसलेली ती बाई अंगण ओलांडून येत असताना ओसरीवरचं बोलणं बंद पडलं. आता ही काय बोलेल, कोणाचं नाव घेऊन बोटं मोडेल, असंच सगळ्यांना वाटलं असावं. कोणीतरी उठून उभंही राहिलं.

धनीबाई पायरीशी चपला काढून वर आली आणि विमलताईंच्या जवळ, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसली. विमलताईंनी मान वर केली.

"बाई, तुमी काहून आल्या आमच्याकडं?"

"तुहा पोरगा माह्याकडं येऊन राह्यला होता," धनीबाई म्हणाली. "पोचला नाई. म्हनून मीच आली."